पत्रकार ते केंद्रीय मंत्री : अशा कारकिर्दीचा अभ्यास कसा करावा

पत्रकारितेतून राष्ट्रीय राजकारणात गेलेल्या व्यक्तीवर लेख, प्रकल्प किंवा चरित्रपर टिपण लिहायला बसणारे बहुतेक अभ्यासक पहिल्याच पानावर निकाल देऊन मोकळे होतात : या माणसाने लेखणीशी इमान राखले, किंवा सत्तेसाठी ती गहाण टाकली. असा निकाल आधी ठरला की पुढची सगळी कात्रणे त्याच्या पुष्टीसाठीच गोळा होतात आणि अभ्यास तिथेच संपतो. त्याऐवजी एक साधी पद्धत धरावी. पत्रकार म्हणून त्या व्यक्तीने सत्ताधाऱ्यांना कोणते प्रश्न विचारले ते तिच्याच लेखनातून नेमकेपणाने काढावेत आणि पुढे ती स्वतः खुर्चीवर बसल्यावर त्याच प्रश्नांना तिच्या निर्णयांनी काय उत्तर दिले ते तपासावे. या पद्धतीला वेळ लागतो, पण ज्याचे त्याचे माप त्यालाच लावले जात असल्यामुळे अभ्यासकाच्या स्वतःच्या राजकीय आवडीनिवडीला त्यात फारसा वाव राहत नाही.

पहिले काम व्यक्तीच्या निवडीचे. आपल्याकडे अशा नावांना तोटा नाही. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, ‘लोकसत्ता’चे संपादक राहिलेले विद्याधर गोखले १९८९ मध्ये मुंबईतून शिवसेनेचे खासदार झाले, भारतकुमार राऊत आणि कुमार केतकर हे दोन संपादक वेगवेगळ्या पक्षांकडून राज्यसभेत पोहोचले. मात्र ही सगळी नावे एकाच वर्गात घालू नयेत. अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘राष्ट्रधर्म’ आणि ‘पांचजन्य’ यांचे संपादन केले ते संघटनेचे काम म्हणूनच, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पत्रकारितेकडून राजकारणाकडे झालेले वळण असे वेगळे दाखवता येत नाही. संजय राऊत राज्यसभेत असतानाही ‘सामना’चे कार्यकारी संपादक राहिले, म्हणजे तिथे दोन्ही भूमिका एकाच वेळी चालल्या. वर सांगितलेली पद्धत सर्वांत चांगली चालते ती जिथे दोन पर्व स्पष्टपणे वेगळी आहेत आणि दोन्ही पर्वांचे भरपूर कागद उपलब्ध आहेत अशा व्यक्तीवर. म्हणून या मार्गदर्शनासाठी मी अरुण शौरी यांची कारकीर्द घेतली आहे. त्यांच्या पत्रकारितेतील सर्वांत गाजलेले प्रकरण महाराष्ट्राच्या मंत्रालयातच घडले होते, हेही त्याचे एक कारण आहे.

कालपट आधी मांडून घ्यावा. वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत : डावीकडे पद आणि संस्था, उजवीकडे त्या काळातील लेखन किंवा निर्णय. १९४१ मध्ये जालंधर येथे जन्म, अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठातून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट, जागतिक बँकेतील नोकरी, १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे कार्यकारी संपादकपद, १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, त्यानंतर ‘टाइम्स ऑफ इंडिया’, १९८७ मध्ये पुन्हा ‘एक्स्प्रेस’, १९९० मध्ये तिथून बाहेर, १९९८ मध्ये भारतीय जनता पक्षाकडून राज्यसभा, वाजपेयी सरकारात आधी राज्यमंत्री आणि नंतर कॅबिनेट मंत्री, २०१० मध्ये खासदारकीची अखेर. पट असा मांडला की नुसत्या आठवणीवर विसंबून न सुचणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. ज्या १९८२ साली आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला त्याच साली वृत्तपत्राच्या मालकाने त्यांना पदावरून दूर केले. रामनाथ गोएंका यांच्यासारखा सरकारशी झुंज घेणारा मालक आणि त्याचा संपादक यांचे संबंध कसे होते, हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय इथून मिळतो.

त्यानंतर मूळ लेखनाकडे वळावे, आणि इथे घाई अजिबात करू नये. चरित्रे, गौरवग्रंथ आणि पुरस्कारांची मानपत्रे बाजूला ठेवून त्या दिवसाचे वृत्तपत्र मिळवावे. जुन्या ग्रंथालयांत बांधीव खंड किंवा मायक्रोफिल्म असतात आणि आधी पत्र देऊन परवानगी घेतली तर ते पाहता येतात. शौरी यांचा महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्यावरील पहिला मोठा लेख ३१ ऑगस्ट १९८१ रोजी प्रसिद्ध झाला. मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना बांधकाम व्यावसायिक आणि साखर कारखाने देणग्या देत होते, आणि त्या काळी सरकारी नियंत्रणाखाली असलेल्या सिमेंटचे वाटप त्या देणग्यांशी जोडलेले होते, असा त्याचा आशय होता. हा लेख वाचताना समासात तीन खुणा कराव्यात : कोणते विधान कागदपत्रावर उभे आहे, कोणते कोणाच्या सांगण्यावर, आणि कोणते लेखकाने काढलेले अनुमान आहे. शौरी यांच्या लेखनाची ताकद पहिल्या प्रकारात आहे. आकडे, तारखा, धनादेश आणि आदेश यांची रांग लावून ते वाचकाला निष्कर्षापर्यंत नेतात. म्हणूनच त्यांच्या अनुमानांकडे अधिक काळजीपूर्वक पाहावे लागते, कारण कागदांच्या ओघात तीही सिद्ध झाल्यासारखी वाटू लागतात.

लेखाचे पुढे काय झाले ते लेखकाच्या शब्दांवरून ठरवू नये, न्यायालयाच्या निकालावरून ठरवावे. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. गोष्ट इथेच संपवणारे लेख शेकड्यांनी सापडतात. वस्तुतः रामदास नायक यांनी दाखल केलेला फौजदारी खटला पुढे कित्येक वर्षे चालला, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, तो खटला विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा होता, असे ठरवले. अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले. पत्रकाराच्या यशाचे मोजमाप करताना हा सगळा पल्ला डोळ्यांसमोर हवा. त्याचप्रमाणे श्रेयाची वाटणीही नीट करावी : भागलपूर येथील कच्च्या कैद्यांना आंधळे केल्याची बातमी अरुण सिन्हा या बातमीदाराने आणली होती आणि स्त्रियांची खरेदी-विक्री उघड करणारे ‘कमला’ प्रकरण अश्विनी सरीन यांचे होते. ती छापण्याचे धैर्य संपादकाचे असले तरी गावोगाव फिरण्याचे कष्ट बातमीदारांचे होते. संपादक प्रसिद्ध झाला की बातमीदार विस्मृतीत जातात, आणि अभ्यासकाने तरी त्यात भर घालू नये.

जे लेखन गैरसोयीचे वाटते तेही वगळू नये. १९९७ मध्ये शौरी यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लिहिलेल्या पुस्तकामुळे महाराष्ट्रात तीव्र संताप उसळला होता आणि तो आजही शमलेला नाही. या पुस्तकाचे मूल्यमापन करताना त्यातील उताऱ्यांवर विसंबू नये. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड शेजारी उघडे ठेवावेत, आणि प्रत्येक अवतरणाच्या आधीची व नंतरची पाने वाचून ते संदर्भासह दिले आहे की तोडून, हे स्वतः पाहावे. माझ्या मते ज्याने अंतुले प्रकरणातील कागद वाचले आणि हे काम केले नाही, त्याला शौरी यांच्या पद्धतीचा अर्धाच भाग कळला आहे.

संसदेत प्रवेश कोणत्या दाराने झाला हे त्यानंतर नोंदवावे, कारण त्यावर व्यक्ती कोणाला उत्तरदायी आहे हे ठरते. लोकसभेचा खासदार मतदारसंघाला बांधील असतो. राज्यसभेचा निवडून आलेला सदस्य प्रत्यक्षात पक्षाला आणि आमदारांना. आणि घटनेच्या अनुच्छेद ८० नुसार राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले १२ सदस्य साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा यांतील कामामुळे तिथे असतात. नियुक्त सदस्य शपथेनंतर सहा महिन्यांच्या आत पक्षात गेला तर चालते, नंतर गेला तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार, अपात्र ठरतो. २०२१ मध्ये पत्रकार स्वपन दासगुप्ता पश्चिम बंगालची विधानसभा निवडणूक भाजपकडून लढवायला निघाले तेव्हा हाच मुद्दा उपस्थित झाला आणि त्यांना आधी राज्यसभेचा राजीनामा द्यावा लागला. शौरी हे नियुक्त नव्हते. १९९८ आणि २००४ मध्ये उत्तर प्रदेशातील आमदारांनी त्यांना निवडून दिले.

मंत्रिपदाचा काळ हा अभ्यासाचा गाभा आहे. यासाठी चार प्रकारचे कागद लागतात : संसदेतील निवेदने आणि चर्चा, मंत्रालयाची प्रकाशने, न्यायालयांचे निकाल आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल. संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांच्या चर्चा मिळतात. एक तांत्रिक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न सदस्य विचारतात, मंत्री त्यांना उत्तरे देतात. म्हणून मंत्रिपदाच्या वर्षांत त्या व्यक्तीने विचारलेले प्रश्न शोधून ‘एकही प्रश्न विचारला नाही’ असा शेरा मारणे निव्वळ अज्ञान ठरते.

शौरी यांच्या बाबतीत निर्गुंतवणूक खाते, म्हणजे सरकारी कंपन्यांचे भाग विकणारे खाते, सर्वांत महत्त्वाचे. इथे पहिली खबरदारी तारखांची : मॉडर्न फूड्स या पाव बनवणाऱ्या सरकारी कंपनीची विक्री जानेवारी २००० मध्ये झाली, तेव्हा हे खाते त्यांच्याकडे नव्हते, तरीही तिचे श्रेय किंवा दोष सर्रास त्यांच्या नावावर टाकले जातात. दुसरी खबरदारी निर्णयाच्या जागेची : अंतिम निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ समिती घेत असे, एकटा मंत्री नव्हे. एवढे लक्षात ठेवून २००१ मधील ‘बाल्को’चे प्रकरण घ्यावे. या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के भाग स्टरलाइटला ५५१.५ कोटी रुपयांना विकले गेले. दुसरी बोली हिंडाल्कोची होती आणि ती २७५ कोटींची होती. छत्तीसगडचे मुख्यमंत्री अजित जोगी यांनी विक्रीला कडाडून विरोध केला, कोरबा येथील कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला, आणि डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यवहार वैध ठरवला.

आता १९८१ चे माप इथे लावावे. तेव्हाचा प्रश्न असा होता की सरकारच्या हातातील वस्तू कोणाला, कोणत्या निकषावर आणि कशाच्या बदल्यात दिली जाते. ‘बाल्को’त निविदा काढल्या गेल्या, बोल्या उघडपणे नोंदल्या गेल्या आणि मोठी बोली स्वीकारली गेली, म्हणजे निकष आणि मोबदला या दोन्ही प्रश्नांना कागदोपत्री उत्तर आहे. वाद राहतो तो मूल्यांकनाचा : कंपनीची किंमत तिच्या भावी उत्पन्नावरून काढायची की जमीन, खाणी आणि वीजकेंद्र यांच्या मालमत्तेवरून. न्यायालयाने धोरणाचे शहाणपण तपासायला नकार दिला, त्यामुळे ‘न्यायालयाने किंमत योग्य ठरवली’ असे लिहिणे चुकीचे होईल. न्यायालयाने व्यवहार बेकायदेशीर नसल्याचे सांगितले, एवढेच लिहावे.

याउलट सप्टेंबर २००३ चा निकाल पाहावा. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या संसदेच्या कायद्यांनी राष्ट्रीयीकरण होऊन निर्माण झाल्या होत्या, म्हणून संसदेत कायदा बदलल्याशिवाय त्यांचे खासगीकरण करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मंत्रिमंडळातही पेट्रोलियम मंत्री राम नाईक आणि जॉर्ज फर्नांडिस या विक्रीच्या विरोधात होते. ज्या संपादकाने आयुष्यभर सत्ताधाऱ्यांना कायद्याची आणि संस्थांची आठवण करून दिली, त्याच्या खात्याचा हा प्रस्ताव संसदेला वगळून पुढे जात होता आणि तो न्यायालयाने अडवला. माझ्या दृष्टीने या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वांत बोलका कागद हाच निकाल आहे. लेख कितीही लहान असला तरी त्याला एक पूर्ण परिच्छेद द्यावा, आणि सरकारची बाजूही त्यातच मांडावी : कंपनी कायद्याखालील कंपनीचे भाग विकण्यास वेगळ्या कायद्याची गरज नाही, अशी ती बाजू होती.

जानेवारी २००३ पासूनच्या दूरसंचार खात्याबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालते, पण नोव्हेंबर २००३ मधील एकत्रित परवाना पद्धतीचा (स्थिर आणि मोबाइल दूरध्वनी सेवांसाठी एकच परवाना) निर्णय सुटता कामा नये, कारण परवाने आणि स्पेक्ट्रमविषयी पुढे झालेल्या वादांमध्ये त्याचा उल्लेख वारंवार येतो.

सत्ता गेल्यानंतरच्या वर्तनाचीही नोंद घ्यावी. २००९ च्या लोकसभा निवडणुकीतील भाजपच्या पराभवानंतर शौरी यांनी स्वतःच्या पक्षाच्या नेतृत्वावर उघड टीका केली. २०१८ मध्ये यशवंत सिन्हा आणि प्रशांत भूषण यांच्यासह राफेल खरेदीच्या चौकशीसाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये याचिका आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचार अर्ज फेटाळला गेला. आजच्या राजकारणात आपण कोणत्या बाजूला आहोत त्यावरून या घटना गौरवाच्या किंवा रागाच्या वाटू शकतात, म्हणून त्या लिहिताना विशेषणे काढून टाकावीत आणि याचिकेतील मागणी व निकालातील कारणे शेजारी शेजारी द्यावीत.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, कागद वाचून झाल्यावर, नाहीतर मुलाखत देणाऱ्याच्या आठवणीच अभ्यासाची चौकट ठरवतात. नेत्याच्या सहकाऱ्यांइतकेच त्याच्या निर्णयांची झळ पोहोचलेल्यांना गाठावे : विकल्या गेलेल्या कारखान्यातील कामगार संघटनेचे पदाधिकारी, खटला हरलेल्या बाजूचे वकील, त्या काळातील खात्याचे सचिव. प्रत्येकाला तारीख आणि कागद समोर ठेवूनच प्रश्न विचारावा, आणि उत्तर कागदाशी जुळले नाही तर दोन्ही लिहून कोणते कशावर आधारलेले आहे ते वाचकाला सांगावे.