पाठ झालेलं परीक्षेत आठवत नव्हतं, तेव्हा

नागपुरात धरमपेठेतल्या अभ्यासिकेत मी रोज आठ-नऊ तास बसायचे. एमपीएससीसाठी राज्यघटना चार वेळा वाचली, पानं हायलायटरने पिवळी केली. तरी सराव परीक्षेत कलम ३२ (हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात दाद मागणं) आणि २२६ (हायकोर्टात दाद मागणं) समोर आले की गोंधळ ठरलेला. वाचताना ओळखीचं वाटत होतं, पुस्तक मिटलं की काहीच हाती लागत नव्हतं.

मग पाचव्यांदा वाचणं सोडलं. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक बंद करायचं आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. सुटलेलं लाल पेनाने भरायचं. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ लालच होता, रडू आलं. पण तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी न बघता लिहिला, तसतसा लाल रंग कमी होत गेला. शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, ती मी कधी चुकवत नाही.

रात्री तोच धडा आईला समजावून सांगते. एकदा ही दोन कलमं सांगत होते. ती म्हणाली, "काय बाप्पा, सुप्रीम कोर्ट मोठं, मग हायकोर्टाचा अधिकार जास्त कसा?" उत्तर शोधताना पक्कं बसलं: ३२ फक्त मूलभूत हक्कांसाठी, २२६ इतर कायदेशीर हक्कांसाठीही. आता सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्टाचं खंडपीठ दिसलं की २२६ आपोआप आठवतं.