आंब्याखाली फरसबंदी करताय? कुदळ बाजूला ठेवा

गवंड्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फूटभर खणून घेऊ, पीसीसी (साध्या सिमेंट काँक्रीटचा थर) मारू, मग लाद्या." मोकळ्या जागेत ठीक आहे. जुन्या झाडाखाली मात्र याच पद्धतीने झाड जातं, आणि तेही लगेच नाही. दोन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागतात, तोवर गवंड्याचा हिशेब कधीच चुकता झालेला असतो.

"आंब्याचं सोटमूळ खोल असतं, वरचं खणलं तर काय बिघडतं?" असं ऐकवणारे भेटतीलच. पण पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्यांना हवा लागते. माती चोपली की हवा गेली.

आधी छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. त्याच्या जवळजवळ चौपट अंतर बुंध्यापासून चारी बाजूंना जपायचं. आमच्या राजापूरच्या घरामागच्या रायवळाचा घेर साडेसहा फूट, म्हणजे सुमारे 25 फूट. या वर्तुळातल्या उघड्या मातीपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त झाकू नये. बसायला तेवढी जागा पुष्कळ झाली. आपल्याला काय लग्नाचा मांडव घालायचाय?

काम दिवाळीनंतर, माती सुकल्यावर काढा. ओल्या मातीवर माणसं नुसती वावरली तरी ती घट्ट बसते. चिऱ्याचा टेम्पो झाडाखाली आणू द्यायचा नाही, माल बाहेर उतरवून घमेल्याने वाहायचा. यावरून कुरकुर होईल, होऊ दे.

गवत खुरप्याने तासा, खणू नका. त्यावर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी-हवा सोडणारं पण माती-खडी वेगळी ठेवणारं कापड, कापडावर तीन-चार इंच धुतलेली 20 मिलिमीटरची खडी. ग्रिट, म्हणजे भुकटीसकट येणारी बारीक कच नको, भुकटीने फटी बुजतात आणि पाणी-हवा अडते. खडी फळीने सारखी करा. धुम्मस, रोलर काही नको. वर पातळ कापलेल्या जांभ्याच्या लाद्या, मध्ये बोटभर फट, फटीत बारीक खडी. सिमेंट कुठेच नाही. कडेला चर न खणता चिरे नुसते मांडा.

बुंध्याभोवती निदान तीन फूट मोकळे सोडा. तिथे भर टाकली की साल कुजते, म्हणून सिमेंटचा कट्टाही नको. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली झाडांच्या मीटरभर परिघातलं काँक्रीट काढायला लावलं होतं.

तासताना अंगठ्याहून जाड मूळ दिसलं तर तोडू नका, लादी सरकवा. बारीक मूळ काढावंच लागलं तर धारदार कात्रीने, कुदळीने चेचून नव्हे.

पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकू नका, खराट्याने घासा. मूळ जाड होऊन एखादी लादी उचलली गेली, तर ती काढायची, खालची खडी थोडी उपसायची आणि परत बसवायची. सिमेंट नसल्यामुळे गवंडी बोलवावा लागत नाही.