शार्क घ्यायचाय? आधी टँक मोजा, मग दुकानात जा

दुकानात पाठीवर उभा तिकोनी पर असलेला मासा दिसला की पोरं काचेला चिकटतात आणि खरं सांगायचं तर मोठ्यांचंही काही वेगळं नसतं. पण शार्क म्हणून विकले जाणारे हे गोड्या पाण्यातले मासे खरे शार्क नाहीतच, बरेचसे आपल्या रोहू-कटल्याच्या खानदानातले आणि काही कॅटफिश, नुसता आकार तसा म्हणून नाव पडलं. त्यामुळे पर बघून भुलू नका, मोठा झाल्यावर केवढा होणार ते आधी विचारा.

आणि टँक टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा, 1000 ने भागा, लिटर मिळाले. 2 बाय 1 बाय 1 फुटाचा जो टँक बहुतेकांकडे असतो तो जेमतेम 55 लिटरचा, त्यात यातला एकही शार्क ठेवू नका, गप्पी-मॉली ठेवा आणि मजेत राहा.

सगळ्यात जास्त खपतो तो पंगास, काळसर चमकणारा किंवा पूर्ण पांढरा, 2-3 इंचाचा, स्वस्त, म्हणून जोडीच घ्या असा आग्रह होतो. हा मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला, पूर्ण वाढला तर 4 फुटांच्या आसपास जातो. हॉटेलात बासा म्हणून जे फिलेट येतं ना, ते बऱ्याचदा हाच, मासळी बाजारातला पंगास. आता हा हॉलमधल्या टँकमध्ये कुठे मावणार? शिवाय भित्रा आणि नजरेने अधू, अंधारात फटकन लाईट लावला की घाबरून काचेवर धडकतो. "टँक जेवढा तेवढाच वाढतो" असं दुकानात सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका, लहान टँकमध्ये तो खुंटतो, आजारी पडतो आणि पाण्याची वाट लागते ती वेगळीच.

बाला शार्क दिसायला एकदम भारी, चांदीसारखा आणि परांना काळी किनार, पण तोही फूटभर होतो, 5-6 चा ग्रुप लागतो आणि उडी मारण्यात पटाईत. 6 फुटी टँक आणि घट्ट झाकण नसेल तर सोडून द्या.

मग घ्यायचा कुठला? 3-4 फुटी टँक असेल तर माझं मत रेड टेल किंवा रेनबो. अंग काळंकुट्ट आणि फक्त शेपटी लाल असेल तो रेड टेल, सगळेच पर लालसर असतील तो रेनबो, दोन्ही साधारण 5-6 इंचांचे. फक्त एकच घ्यायचा, दोघांतला एकच, कारण लहानपणी गरीब वाटतो आणि मोठा झाला की भाडेकरूला त्रास देणाऱ्या घरमालकासारखा वागतो. दगड, लाकूड लावून लपायला जागा द्या, सोबत टायगर बार्बसारखे चपळ मासे ठेवा, तळाशी राहणारे नकोत आणि ह्याला टँकमध्ये सगळ्यात शेवटी सोडा म्हणजे आल्याआल्या मालकी गाजवत नाही.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर रोझलाइन शार्क, म्हणजेच मिस केरला. हा आपल्या पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला, 2013 मध्ये त्याच्या वंशाला सह्याद्रीवरून सह्याद्रिया असं नाव दिलं गेलं. पकडून विकण्याच्या नादात नद्यांत कमी झालाय, म्हणून फार्ममध्ये वाढवलेलाच मागा. 6 तरी हवेत, 4 फुटी टँक, जोरात वाहतं आणि भरपूर ऑक्सिजनचं पाणी, तापमान 25 च्या आसपास, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर अवघडच आहे.

दुकानात दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा, जो झडप घालत नाही तो घेऊ नका. अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर, खपाटीला गेलेलं पोट दिसलं तर त्या टँकमधला कुठलाच नको. नवा टँक असेल तर फिल्टर चालू करून 4-6 आठवडे सायकल होऊ द्या (म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू आत तयार होऊ द्या), नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाका, आणल्यावर पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा आणि मग जाळीने मासा आत सोडा, पिशवीतलं पाणी ओतू नका.

आणि घेतलेला फार मोठा झालाच तर गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडायचा नाही हां, दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्या.