लिंक १० गिगाबिटची, तरी नेटवर्क संथ? या चुका टाळा

‘नेटवर्क संथ आहे’ अशी तक्रार आली की पहिला प्रस्ताव येतो मोठी लिंक घेण्याचा. लिंक येते, बिल वाढतं, तक्रार तिथेच राहते. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) नेमकं कुठे आणि किती वेळ रांगेत थांबतंय, हे आधी कोणी मोजलेलंच नसतं.

पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबणं

आलेख म्हणतो ३० टक्के वापर, आणि स्विच (डेटा योग्य पोर्टाकडे वळवणारं उपकरण) मात्र पॅकेट टाकून देतोय. दोन्ही खरं असू शकतं. १० गिगाबिटच्या दोन पोर्टांवरून एकाच १० गिगाबिटच्या पोर्टाकडे एकदम पूर्ण वेगाने डेटा आला, तर १२.५ मेगाबाइटचा बफर (पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा) १० मिलिसेकंदांत भरतो. पुढचं सगळं ड्रॉप, म्हणजे टाकून दिलं जातं. पाच मिनिटांच्या सरासरीत हे दिसणार कसं? म्हणून आधी प्रत्येक पोर्टचे ड्रॉप काउंटर बघा.

क्षमता ठरवतानाही हीच सरासरी फसवते. रांगेच्या अगदी साध्या गणितात लिंक ५० टक्के भरली की पॅकेटला रिकाम्या लिंकच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. खरा ट्रॅफिक तर याहून लहरी. बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेतल्या इथरनेटच्या मोजणीवरून १९९० च्या दशकातच दिसलं होतं की कालावधी वाढवला तरी ट्रॅफिकमधले चढउतार अपेक्षेइतके सपाट होत नाहीत. तरीही ‘७० टक्क्यांपर्यंत चालतं’ हा ठोकताळा डोळे मिटून वापरला जातो.

मोठा बफर चांगलाच, असं समजणं

१० मेगाबिटच्या अपलिंकपुढे (बाहेर जाणाऱ्या लिंकपुढे) १ मेगाबाइटचा बफर भरला, तर शेवटच्या पॅकेटला ८०० मिलिसेकंद ताटकळावं लागतं. आवाजी संभाषणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक वापरांना चालण्याजोगा मानला आहे. ड्रॉप शून्य, आणि तरी कॉलवर बोलता येत नाही, ते यामुळे.

तपासणी सोपी आहे: लिंक मोकळी असताना पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) घ्या, मग मोठा अपलोड चालू ठेवून पुन्हा घ्या. आकडा कितीतरी पट वाढला तर रांग सापडली. अपलिंकचा वेग स्वतःच्या राउटरवरच थोडा कमी बांधा, म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहते, आणि तिथे एफक्यू-कोडेल लावा; यात प्रत्येक कनेक्शनची रांग वेगळी ठेवून तिच्यावर कोडेल चालवतात. कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. पॅकेट किती वेळ थांबलं यावर ती ड्रॉप ठरवते. रांगेच्या लांबीकडे बघत नाही.

लांबचं अंतर विसरणं

फायबरमध्ये प्रकाशाला दर हजार किलोमीटरला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. हे कुठल्याच अपग्रेडने कमी होत नाही. १ गिगाबिटची लिंक १०० मिलिसेकंदांच्या फेरीवेळेला भरलेली ठेवायची तर १२.५ मेगाबाइट डेटा वाटेत असावा लागतो. टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवणारा प्रोटोकॉल) पोच न मिळता जितका डेटा वाटेत ठेवू शकतो ती त्याची विंडो; ती ६४ किलोबाइटवर अडली असेल, तर वेग ५ मेगाबिटच्या आसपासच थांबतो. ही मर्यादा वाढवणारं विंडो स्केलिंग १९९२ पासून आहे, पण एखादं जुनं फायरवॉल ते पुसून टाकतं, किंवा सर्व्हरची बफर-मर्यादा तोकडी असते.

एका कनेक्शनने चाचणी घ्या, मग आठ समांतर कनेक्शनांनी. आठपट वेग मिळाला तर लिंक निर्दोष आहे. पण थांबा, पॅकेट हरवत असली तरीही असंच दिसतं: १०० मिलिसेकंदांना ०.०१ टक्का गळतीसुद्धा रीनो या टीसीपीच्या जुन्या प्रकाराला १५ मेगाबिटच्या आत रोखते. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेमची मोजणी) वाढत असतील तर आधी फायबरचं टोक पुसा. १० गिगाबिटच्या चार लिंक एकत्र बांधल्या असतील, तर एका कनेक्शनला सहसा त्यातली एकच मिळते. तो बिघाड नव्हे.

सगळ्यांनाच प्राधान्य देणं

क्यूओएसने, म्हणजे काही ट्रॅफिकला प्राधान्य देण्याने, बँडविड्थ वाढत नाही. कोणी थांबायचं एवढंच ठरतं. प्राधान्य-रांगेला वरची मर्यादा नसेल तर बाकीचे उपाशी राहतात. कॉम्प्युटरवरून आलेल्या डीएससीपी खुणांवर (पॅकेटवरच्या प्राधान्याच्या आकड्यांवर) विश्वास ठेवू नका, कडेच्या स्विचवर स्वतः लावा. आवाजासाठी ४६ ही खूण लावलीत, तरी वाटेतला एखादा स्विच ती शून्य करतोय का, हे दोन्ही टोकांना पॅकेट पकडून पाहा. परतीची दिशा हमखास राहून जाते.

एमटीयू

एमटीयू म्हणजे लिंकवरून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. छोटी पानं उघडतात, मोठी फाइल अडकते? ‘तुकडे करू नका’ असं सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा; जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) असतील तर ८९७२ चा. छोटा पिंग जातो आणि तो मात्र गेला नाही, तर वाटेत कुठेतरी एमटीयू कमी आहे, आणि बहुधा कोणीतरी ‘सुरक्षिततेसाठी’ ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं कळवणारे आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे) संदेश बंद केलेत.