मुलाखत घेताय? आधी एक पान निवडा
लेखकाची किंवा नटाची तासभराची मुलाखत घ्यायची असेल, तर ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न आधी वहीतून खोडा. त्याचं उत्तर त्यांना तोंडपाठ असतं. त्यापेक्षा पुस्तकातलं एखादं पान, नाटकातला एखादा प्रवेश निवडा आणि विचारा: इथे हे पात्र गप्प का राहतं? हे संहितेतच होतं की तालमीत सुचलं? १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं थरारपटांसाठी गाजलेल्या दिग्दर्शक हिचकॉकला असंच, एकेक चित्रपट घेऊन, कित्येक तास बोलतं केलं. तेही मध्ये दुभाषी बसवून! उत्तर संपलं की लगेच पुढच्या प्रश्नावर जाऊ नका. जरा थांबा, खरं बोलणं बऱ्याचदा त्यानंतरच निघतं. आणि हो, दुसऱ्या फोनवरही रेकॉर्डिंग चालू ठेवाच.