बिल सेव्ह व्हायचं पण स्टॉक कमी व्हायचा नाही, माझा अनुभव

आमच्या बिलिंग सिस्टीममध्ये रोज ताळा करताना एकच त्रास, बिलं बरोबर पण स्टॉक मोजला त्यापेक्षा जास्त दाखवायचा. आधी वाटलं एंट्री करणारे चुकतायत, मग लॉग (सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदी) काढून बघितले तर ज्या वेळी नेटवर्क तुटलं होतं नेमकी तेव्हाचीच बिलं गडबडलेली. कारण असं की बिल सेव्ह करणं, स्टॉक कमी करणं आणि खात्यात नोंद टाकणं ही तीन कामं डेटाबेसमध्ये वेगवेगळी कमिट (म्हणजे कायमची सेव्ह) होत होती, पहिलं झालं आणि मध्येच कनेक्शन गेलं की बाकीची दोन राहूनच जायची. मग तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका अखंड गटात घातली, सगळं झालं तरच कमिट नाहीतर रोलबॅक, म्हणजे सगळंच मागे. खरंतर हे पहिल्या दिवसापासून असायलाच हवं, पैशाचा हिशोब आहे हा.

तरी एक राहिलं, उत्तर आलं नाही म्हणून कोणी परत बटण दाबलं की तेच बिल दोनदा. त्यासाठी फॉर्म उघडतानाच प्रत्येक बिलाला वेगळा नंबर दिला आणि टेबलमध्ये त्या कॉलमला युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दोनदा चालणार नाही असा नियम) लावला, आता दुसऱ्यांदा आलेलं डेटाबेसच नाकारतो. जुन्या चुका डिलीट नाही केल्या, चूक भरून काढणारी उलटी नोंद टाकून दुरुस्त केल्या म्हणजे ऑडिटला माग राहतो.