वाळूजला नोकरीसाठी आलात? मग कव्हर लेटरकडे नीट लक्ष द्या

बीडकडची पोरं एसटीनं छत्रपती संभाजीनगरच्या सिडको स्टँडवर उतरतात, नांदेड-परभणीकडची रेल्वेनं स्टेशनवर. दोन दिवसांत सगळे बजाजनगर, रांजणगाव नाहीतर वडगाव कोल्हाटीला कुणातरी गाववाल्याच्या रूमवर पोचतात. राहण्या-जेवणाचं कसंबसं जमून जातं. घोडं अडतं ते अर्जापाशी, म्हणजे रेझ्युमेसोबत द्यायच्या पत्रापाशी, ज्याला कव्हर लेटर म्हणतात. मी माजलगाव तालुक्यातला. बऱ्याच वर्षांपासून वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आणि आमच्या विभागाचे अर्ज एचआर माझ्याकडे वाचायला पाठवतं. आपल्याकडच्या पोरांचे अर्ज वाचताना जीव तुटतो. हाताला काम असलेला पोरगा त्या कागदावर कुठं दिसतच नाही.

याचं एक मोठं कारण म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना. दुकानदाराकडं एक फाईल असते, त्यात नाव बदलायचं, पंधरा प्रिंट काढायच्या आणि गेटोगेट वाटायच्या. 'मी मेहनती, प्रामाणिक असून मला टीममध्ये काम करायला आवडतं,' हे वाक्य एका दिवसात दहा अर्जांत वाचायला मिळतं. कधी कधी तर वरती दुसऱ्याच कंपनीचं नाव तसंच राहिलेलं असतं. असा अर्ज पुढं जात नाही.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि दुचाकींचे सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या आसपास आहेत. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहतेय, औषधांच्या कंपन्या वेगळ्याच. प्रेस शॉपला (पत्रा दाबून भाग बनवतात तिथं) हवा असलेला माणूस आणि औषध कंपनीत पॅकिंगला हवा असलेला माणूस एक नसतो. म्हणून पत्राची सुरुवात पदाच्या नावानं करा आणि ही जागा निघाल्याचं कुठून कळलं ते लिहा. कंपनीतल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं असेल तर त्याला विचारून त्याचं नाव टाका. त्यानंतरची चार-पाच वाक्यं फक्त तुमच्या कामाची.

मागं गेवराईकडचा एक डिप्लोमा मेकॅनिकल झालेला मुलगा माझ्याकडं पत्र घेऊन आला. पत्रात मेहनत, प्रामाणिकपणा, सगळं होतं, काम मात्र कुठंच नव्हतं. विचारलं, कॉलेजनंतर काय केलंस? म्हणाला, काही नाही, एक सीझन साखर कारखान्यावर होतो. तिथं काय करत होतास? मग हळूहळू निघालं. मिल हाऊसला, म्हणजे ऊस गाळतात त्या विभागात होता. तासाला बेअरिंगचं तापमान रजिस्टरला लिहायचा, पंपाचं ग्लँड पॅकिंग (गळती रोखणारं) बदलायचा, गाळप बंद झाल्यावर ओव्हरहॉलिंगला, म्हणजे यंत्रं खोलून दुरुस्त करायला, फिटरच्या हाताखाली होता. याला तो 'काही नाही' म्हणत होता! आम्ही बसून पत्र नव्यानं लिहिलं. मधला भाग असा झाला:

'मी एक गाळप हंगाम साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये काम केलं आहे. बेअरिंगचं तापमान तपासून नोंद ठेवणं, ग्रीसिंग आणि पंपाचं ग्लँड पॅकिंग बदलणं ही माझी रोजची कामं होती. हंगामानंतरच्या ओव्हरहॉलिंगमध्ये फिटरसोबत काम केलं. हायड्रॉलिक्सचा मला अनुभव नाही, पण डिप्लोमाला तो विषय होता आणि शिकायची तयारी आहे. सध्या बजाजनगरला राहतो, तिन्ही शिफ्टला येऊ शकतो, बोलावल्यास लगेच रुजू होईन.'

यात एकही मोठा शब्द नाही. पण मेंटेनन्सचा माणूस हे वाचून लगेच ओळखतो की यानं मशीनला हात लावलेला आहे. हायड्रॉलिक्स येत नाही हे सरळ सांगितलेलंही मला आवडतं, कारण मुलाखतीत पाच मिनिटांत ते कळणारच असतं. आयटीआयवाल्यांनीही असंच करावं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकलात तर त्याची कंट्रोल सिस्टीम कुठली होती, त्यावर कुठला जॉब म्हणजे भाग बनवला, व्हर्नियर-मायक्रोमीटरनं स्वतः मापं घेतली का, हे लिहा.

आता गॅपचं. आपल्याकडची कितीतरी मुलं दोन-तीन वर्षं पोलीस भरती नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या मागं असतात आणि पत्रात ती वर्षं गाळून टाकतात. एचआरच्या डोक्यात तेवढंच राहतं की हा तेव्हा कुठं होता. त्यापेक्षा एका वाक्यात सांगून टाका: 'दोन वर्षं भरतीची तयारी केली, आता कंपनीतच स्थिर व्हायचं ठरवलं आहे.' ठरवलं असेल तरच हे लिहा. भरतीची जाहिरात निघाली की पोरगा निघून जातो, हीच इथं खरी भीती असते. वडील आजारी होते, शेती बघावी लागली, हेही लिहायला लाजू नका. त्यावर रडगाणं मात्र नको, एक वाक्य बस झालं.

पत्र एका पानाच्या आत हवं, खरं तर अर्ध्या पानात बसतं. बहुतेक कंपन्यांत इंग्रजी पत्रच चालतं, पण आधी मराठीत लिहा आणि मग छोट्या-छोट्या साध्या वाक्यांत इंग्रजी करा. मोबाईलवरून लिहून घेतलेलं भारी इंग्रजी मुलाखतीत तुम्हालाच बोलून दाखवावं लागतं. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, उंची, हे लग्नाच्या बायोडाट्यातलं, पत्रात त्याचं काही काम नाही. पत्ता आधी इथला लिहा, गावाकडचा कायमचा म्हणून खाली. वर फक्त गावचा पत्ता दिसला की उद्याच्या मुलाखतीला हा कुठून येणार, असं समजून अर्ज बाजूला पडतो. नाव मार्कशीटवर आहे तसंच.

मेल करताना पत्र मेलमध्येच लिहा आणि रेझ्युमे पीडीएफ करून जोडा. मोबाईलनं काढलेला कागदाचा वाकडा फोटो पाठवू नका. विषयाच्या ओळीत पद, तुमचं नाव आणि ट्रेड. फाईलला स्वतःचं नाव द्या, 'न्यू फायनल २' असं नको. आठ दिवसांत काही कळलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा. रोज 'सर, काही झालं का' असं व्हॉट्सॲप नको.

अप्रेंटिसशिपसाठी सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. ती झाली तरी कंपनीत जाताना पत्र सोबत ठेवा, ट्रेनिंगवाले बघतात.

आणि एक, नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे, गेटपासचे, युनिफॉर्मचे आगाऊ पैसे कुणी मागितले तर देऊ नका, मग तो गावाकडचाच का असेना. त्याला कंपनीचं नाव विचारा, स्वतः गेटवर जा आणि सिक्युरिटीला विचारा की ही जागा खरंच निघाली आहे का.